टाकीतले पाणी

झोपेत माझा श्वास मधेच थांबतो, हे हिनेच आधी ओळखले. मोटारसायकलवर डुलकी लागून मी चारीत गेलो, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. आजार स्लीप अ‍ॅप्निया; इलाज म्हणजे मास्कमधून रात्रभर दाबाने हवा देणारे यंत्र. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही रीत जगापुढे मांडली. पण त्या हवेने नाक-घसा असा कोरडा पडला, की आठवड्यात यंत्र फडताळात गेले. ही पुन्हा माझा श्वास मोजत जागी.

मग डॉक्टरांनी यंत्राला पाण्याची टाकी जोडली. पाणी कोमट होते, त्यावरून हवा ओलसर होऊन नाकात येते. मी तीत बोअरचेच पाणी ओतले! क्षारांनी ठिबकच्या नळ्या तुंबतात, हे गावोगाव सांगणारा मी. टाकीतला पांढरा थर हिनेच दाखवला. आता डिस्टिल्ड पाणी, तेही रोज नवे. टाकी मीच धुतो. ही रात्री झोपते.