लाईन

४ मे, डोंबिवली
रिक्षाच्या लाईनीत पंचवीस मिनिटं. मागचे गृहस्थ फोनवर सांगत होते, "धाकटा आयटी लाईनला आहे." पुढच्या दोन कॉलेजकुमारांतला एक कुरकुरत होता, "ती लाईनच देत नाही रे." आणि वर स्टेशनात मेन लाईनच्या गाड्या उशिराने धावत असल्याची घोषणा. इंग्रज रांगेला 'क्यू' म्हणतात, अमेरिकन 'लाईन'. दीडशे वर्षं इंग्रजांच्या हाताखाली काढून आपण इथे अमेरिकनांसारखे बोलतो. 'क्यू' म्हणजे मुळात फ्रेंच शेपूट. मारुतीच्या देशात ते सहज चाललं असतं, पण नाही चाललं.

५ मे
लाईन स्त्रीलिंगी कुणी केली? बहुधा कुणीच नाही. रेघ, ओळ, रांग, तार, दोरी, ज्यांच्या जागी ती बसली त्या सगळ्याच स्त्रीलिंगी. मला जास्त नवल वाटतं ते 'लाईनीत', 'लाईनीला'चं. 'ट्रेनीत' बसलो असं अजून कुणी म्हणत नाही, 'ट्रेनमध्ये'च. लाईन मात्र ओळीसारखी चालते. शब्द आपला झाला की नाही, हे त्याच्या विभक्तीवरून ओळखावं.

६ मे
हिच्यासोबत शिंप्याकडे. ब्लाऊजला लायनिंग लावायचं की नाही, यावर दोघांची लांबलचक चर्चा. मी बाकावर. घरी येऊन कोश काढला. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातल्या तंतूंचं कापड ते लिनन, आतून लिननचं अस्तर लावत म्हणून लायनिंग, आणि लिननचा दोरा ती 'लिनेआ', म्हणजे आपली लाईन. जुन्या ऑफिसातल्या जमिनीवरचं लिनोलियमसुद्धा जवसाच्या तेलाचं. आपल्याकडे जवस मुख्यतः बियांसाठी पेरतात. तेव्हा आपल्याला त्यातून चटणी मिळाली आणि त्यांना भूमितीचा शब्द. मला सौदा वाईट वाटत नाही. रात्री चटणी-भाकरी मागितली तर ही म्हणाली, "कोश वाचून भूक लागते का हो तुम्हाला?"

७ मे
संपादकांचा फोन, डेडलाईनची आठवण. हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातला. १८६४ साली जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आतल्या बाजूला एक हलका लाकडी कठडा होता. तो ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. संपादकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग सोमवारी नक्की."

९ मे, कराडजवळ, गावी
कुंपणाची भिंत पावसाआधी उरकायची म्हणून आलो. इथे लाईन म्हणजे वीज, आणि लाईन म्हणजे उसाला पाणी नेणारा पाईपही. संध्याकाळी चुलतभावाला विचारलं, "लाईन आली का रे?" तो शांतपणे म्हणाला, "लाईन हाय, पण लाईनीला पाणी न्हाई." दोन फर्लांगांवर कुठेतरी जोड निखळला होता. पुतण्या बॅटरी घेऊन गेला, मध्यरात्री चिखलाने माखून परतला. आणि तेवढ्यात वीज गेली. घरात कुणी हसलं नाही. मीही नाही.

१० मे
मिस्त्री आठला आले. दोन टोकांना आधी विटा रचल्या, ओळंबा सोडून पाहिला, मग टोकापासून टोकापर्यंत पिवळी दोरी ताणली. बिगाऱ्याला ओरडले, "लाईनदोरी वर घे, वीतभर!" मी चहाचा कप तसाच धरून उभा. लाईन म्हणजेच दोरी, हे परवा कोशात वाचलेलं. म्हणजे हे दोरीदोरी झालं! राहवेना, विचारलं, "नुसती दोरी का नाही म्हणत?"

"दोरी म्हशीला आसती, सायेब," मिस्त्री थापी न थांबवता म्हणाले. "ही लाईनदोरी."

म्हणजे दोरी हातात धरायची आणि लाईन डोळ्याने पाहायची. मिस्त्री प्रत्येक थराला एक डोळा मिटून त्या दोरीवरून पाहत होते. विटेचा कोपरा दोरीला टेकला की ती उचलून पुन्हा बसवायची. कारण दोरी एका जागी ढकलली गेली, तर पुढची सगळी भिंत तिच्यामागे बाहेर जाते. दुपारपर्यंत चार थर झाले. दोन दिवस कोशात डोकं घालून बसलेल्या मला त्यांच्या एका उत्तरापुढे चहा निवल्याचंही कळलं नाही.

११ मे
रात्रभर दोरी तशीच ताणलेली राहिली. सकाळी पुतण्याने तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला आणि दोरीला मधोमध झोळ पडला. मिस्त्री आले, टॉवेल चिमटीत धरून मातीत टाकला, खिळे उपटले आणि नव्याने बांधायला घेतली. साडेनऊपर्यंत एक वीट बसली नाही.