अठरा व्होल्ट

मुलुंडला आजी एकटी राहते. परवा गेलो तर टीव्हीवर निम्मेच चॅनल. बातम्या दिसतात, तिची मालिका नाही.

"इंजिनियर ना रे तू?"

मी सॉफ्टवेअरवाला, पण ते सांगायचं म्हणजे हार मानणं.

गच्चीवरच्या छत्रीतल्या एलएनबीला वीज वेगळ्या वायरीने जात नाही. सेटटॉप बॉक्सच ती त्याच केबलमधून वर पाठवतो: 13 व्होल्ट दिले की उभ्या पोलरायझेशनचे चॅनल, 18 दिले की आडव्या. आमचे 18 वर पोचत नव्हते. कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी शिरलं असेल म्हणून गच्चीवर जाऊन आलो. कोरडा ठणठणीत. ॲडॉप्टर मीटरवर चोख 12 दाखवत होता आणि मी त्या आकड्यावर अख्खी संध्याकाळ विश्वास ठेवला. शेवटी बॉक्स उघडला, चालू ठेवून आतल्या पिनांवर मोजलं. साडेनऊ! भार पडला की बसत होता. (आमचा टेस्टिंगचा सर्व्हरही असाच.)

नवा ॲडॉप्टर लावला, मालिका लागली.

"अगोबाई, हिचं लग्न झालं वाटतं!"

"कधीपासून बंद होतं गं?"

"झाले तीन आठवडे."

त्या तीन आठवड्यांत मी रोज फोन केला होता. रोज ती म्हणायची, "सगळं ठीक आहे रे, तू जेवलास का?"