उशाशी असलेले घड्याळ

गोंड राजांची जुनी राजधानी गढा आज जबलपूर शहरात सामावली आहे. तेथील एखाद्या कष्टकरी प्रौढ विद्यार्थ्याला अभ्यासासाठी पहाटेचाच तास मिळतो. उशाशी ठेवलेले रेडिओ-घड्याळ त्याला कर्कश घंटेऐवजी आकाशवाणीच्या सुरांनी जागे करते. विजेवर चालणारी अशी अनेक घड्याळे प्रवाहाची सेकंदातील ५० आवर्तने मोजून वेळ दाखवतात. म्हणून रात्री वीज गेली, की त्यांची स्मृती पुसली जाते. वीज आल्यावर अंक नुसतेच लुकलुकत राहतात आणि गजर मुका होतो. आतील छोटी बॅटरी ही स्मृती जपते. ती वेळीच बदलावी. गजर लावताना सकाळ-सायंकाळची खूण आणि आवाजाची पातळीही पाहावी. ज्याच्या दिवसात स्वतःचा असा एकच तास आहे, त्याने तो केवळ यंत्राच्या भरवशावर सोडू नये.