प्रतिकृतीचा रंग

मूळ वस्तूचा रंग जसाच्या तसा उचलून तिच्या लहानशा प्रतिकृतीवर चढवला, तर ती प्रतिकृती खोटी दिसते; या विद्येतील हे पहिले तत्त्व नवशिक्याला सर्वांत उशिरा पटते. अजिंक्यताऱ्यावरून खडकाचा एखादा तुकडा आणावा, त्याच्याशी पडताळून अगदी बरहुकूम छटा सिद्ध करावी आणि ती प्लॅस्टरच्या बोटभर बुरुजावर लावावी, तर बुरुज पाषाणाचा न वाटता डांबर फासल्यासारखा दिसतो. याचे कारण अंतरात दडलेले आहे. १:७२ या प्रमाणात घडवलेली वस्तू आपण दीड फुटावरून न्याहाळतो, तेव्हा हिशेबाने पाहता ती मूळ वस्तू आपण १०८ फुटांवरून पाहत असतो. पण त्या १०८ फुटांत जी हवा, जी धूळ आणि जो विखुरलेला प्रकाश डोळ्यांच्या आड येतो, त्यांपैकी काहीही दीड फुटात येत नाही. ती हवा कारागिराला कुंचल्याने घालावी लागते. म्हणून मूळ छटेत फिकट राखी किंवा पांढरा मिसळून ती मवाळ करावयाची, १:७२ साठी सुमारे दहा ते पंधरा टक्के आणि प्रमाण जसजसे लहान होईल तसतसे अधिक, अशी मी स्वतःपुरती वहिवाट ठेवली आहे. आणि निखळ काळा व निखळ पांढरा हे दोन रंग तर मी प्रतिकृतीवर जवळजवळ कधीच येऊ देत नाही.

दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचून त्यावर अळीव पेरणाऱ्या मुलाला या हिशेबाशी कर्तव्य नसते, आणि नसावेच. त्याच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, कारण त्याच्या मनात ते तसेच असतात. प्रमाणाचा कायदा एकदा पत्करला, की मात्र तो शेवटच्या थरापर्यंत पाळावा लागतो. रंगाच्या जाडीचेच पाहा. थर एक दशांश मिलिमीटर जाडीचा बसला, तर १:७२ च्या मापाने तो मूळ वस्तूवर सात मिलिमीटरांहून अधिक जाडीचा लेप ठरतो. विमानाच्या पत्र्यावरील सांधे, दरवाजावरील खिळे, चिऱ्यांमधल्या दरजा हे सारे तपशील अशा लेपाखाली बुजून जातात, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हरवते.

थर पातळ राखण्याची शिस्त शिकावयाची असेल, तर सांगली जिल्ह्यातल्या माणसाने दूर जाण्याची गरज नाही. मिरजेच्या सतारी व तंबोरे पाहावेत. तेथील शिकलगार घराण्यांनी, ज्यांच्या पूर्वजांचा पेशा शस्त्रांना धार लावण्याचा होता, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्याचे काम हाती घेतले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने एकावर एक हलके हात द्यावयाचे, मधल्या वेळात पृष्ठभाग घोटावयाचा, आणि घाई म्हणून करावयाची नाही, हा लाखेच्या पॉलिशचा दस्तूर मला प्रतिकृतीच्या कामाला तंतोतंत लागू वाटतो. तंबोऱ्याला झळाळी हवी असते आणि आम्हांला बहुधा ती नको असते, एवढाच काय तो फरक. पण लांबी भरून, साच्याची शिवण बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून, राखी अस्तर देऊन, मगच रंगाचे दोन-तीन पातळ हात देणे, हा आमचा क्रमही तितक्याच निष्ठेने पाळावा लागतो. अस्तर राखी घेण्याचे प्रयोजन असे, की पृष्ठभागावरचा उणेपणा त्या रंगावर लपत नाही. पिवळ्याच्या बाबतीत मात्र हा नियम सोडावा. सांगलीच्या बाजारपेठेचा देखावा करून त्यात हळदीच्या राशी दाखवावयाच्या असतील, तर खाली पांढरा किंवा फिकट गुलाबी थर द्यावा, कारण पिवळा रंग झाकण्यात दुबळा असतो आणि राखीवर तो हिरवट पडतो.

आता पाषाणाकडे वळतो, कारण या मुलुखातल्या कारागिराची खरी परीक्षा तेथेच होते. सह्याद्रीचा खडक काळा, असे आपण लहानपणापासून म्हणत आलो. परंतु फोडल्याबरोबर जो काळपट निळसर असतो, तोच ऊनपावसात राहिला की त्यातील लोह गंजून त्यावर तांबूस-तपकिरी साय धरते, तीवर दगडफुलाचे पांढुरके ठिपके उमटतात, आणि नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा ज्या अंगावर होतो त्या अंगावर शेवाळाचे काळे ओघळ उतरतात. तेव्हा तटाची प्रतिकृती रंगवण्यापूर्वी त्याची दिशा कोणती, हा प्रश्न आधी मुक्रर झाला पाहिजे. प्रतापगडाच्या एकाच बुरुजाच्या दोन बाजू मी एका छटेत रंगवणार नाही.

लिंब गावची बारा मोटेची विहीर या दृष्टीने फार शिकवते. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाई भोसले यांनी बांधवलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल सांगितली जाते. म्हणजे १:७२ च्या प्रमाणात ती सव्वाआठ इंच रुंद व अठरा इंच खोल होते, आणि मेजावर सहज मावते. तिच्या भिंतीवर एकच पाषाण तीन निरनिराळ्या अवस्थांत आढळतो. वर उन्हाने पांढुरलेला, मध्ये झिरपत्या ओलाव्याने हिरवट झालेला, आणि पाण्यालगत गडद व चकचकीत. ओला दगड गडद का दिसतो, हे येथे समजून घेणे अगत्याचे आहे: कोरड्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचखळग्यांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि दगड फिका दिसतो, पाण्याने त्या खाचा भरल्या की विखुरणे घटते, प्रकाश दगडाच्या आत अधिक शिरतो आणि तेथेच शोषला जातो. त्यामुळे नुसता रंग गडद करून ओल दाखवता येत नाही. खाली अर्धचमकदार वार्निश, वर पूर्ण मॅट, आणि मधल्या पट्ट्यात दोहोंचे बेमालूम मिश्रण अशी तजवीज करावी लागते.

माझी रीत सांगतो. प्लॅस्टर रंग पिते, म्हणून पातळ अ‍ॅक्रिलिकने ते आधी बंद करावे. मूळ छटेसाठी काळ्या रंगाला हात न लावता बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीन एकत्र करून पांढऱ्याने उजळावे. या दोहोंतून निघणारा राखी जिवंत असतो, आणि त्याला हवे तिकडे, निळ्याकडे किंवा तांबड्याकडे, झुकवता येते. चिऱ्याचिऱ्यागणिक छटा किंचित बदलावी. तो थर पुरता वाळला की बर्न्ट अंबरचा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून दरजांत सोडावा आणि वरचा जास्तीचा रंग फडक्याने टिपावा. टर्पेंटाइन वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला विरघळवत नाही, म्हणूनच ही जोडी जमते. शेवटी जवळजवळ कोरडा केलेला कुंचला, फिकट मातकट रंगाचा, चिऱ्यांच्या कडांवरून अलगद फिरवावा. विहिरीच्या पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन पातळ थरांनीच ओतावे, कारण जाड ओतल्यास ते घट्ट होताना तापते आणि तडकण्याचा संभव असतो.

विमाने व रणगाडे यांच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची माहिती पुष्कळ उपलब्ध आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात स्थापन झाली, आणि या जिल्ह्यातल्या घराघरांतून माणसे फौजेत गेलेली. त्यामुळे येथे नॅट विमान करू पाहणारा मुलगा विरळा नाही. १:७२ मध्ये ते जेमतेम बारा सेंटिमीटर लांबीचे होते. त्यावरची वर्तुळचिन्हे चिकटवण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा हात अवश्य द्यावा. मॅट पृष्ठभागाच्या खाचखळग्यांत हवा अडकते आणि चिन्हाची पारदर्शक कड रुपेरी दिसू लागते. मॅट वार्निश सर्वांत शेवटी.

हवामानाचा दाखला मात्र परदेशी पुस्तकांत मिळत नाही, आणि आमच्याकडे त्यावाचून चालत नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात स्पिरिट वा लॅकर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प बसते, आणि वार्निशवर पांढरट धुके धरते; म्हणून आषाढ-श्रावणात वार्निशचे काम बंद ठेवणेच श्रेयस्कर. सांगलीच्या वैशाखात संकट उलटे असते. एअरब्रशमधून निघालेला तुषार वस्तूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुकतो आणि पृष्ठभाग चुरचुरीत होतो. तेथे रंगात मंद गतीने उडणारे थिनर घालावे आणि काम पहाटे करावे.

सध्या मी ज्या कामात गुंतलो आहे, ते बार्शी लाइट रेल्वेचे आहे. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत आली, आणि पुढे एका काळी मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज असे तिन्ही मार्ग नांदत होते. १:८७ या प्रमाणात, ज्यात पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातील गाड्या धावतात, तो अडीच फुटी मार्ग सुमारे नऊ मिलिमीटरांचा होतो. वाफेच्या इंजिनाचा काळा हा एक रंग नसून अनेकांचा संसार आहे: धुराड्याभोवती काजळीचा मखमली मॅट, चाकांच्या दांड्यांवर तेलाची चमक, पायाशी राखेची धूसर भुकटी, आणि बाष्पकाच्या सांध्यांतून झिरपलेल्या जड पाण्याने सोडलेले क्षारांचे पांढरे ओघळ. हे सारे वाफेच्या कोणत्याही इंजिनावर घडते आणि अभ्यासाने साधता येते. परंतु डब्यांची बाहेरची छटा, आतल्या बाकांचा रंग, पाट्यांवरील अक्षरांचा पिवळा किती गडद होता, हे अभ्यासाने येत नाही; कृष्णधवल छायाचित्रात तांबडा व हिरवा एकाच राखी छटेत उतरू शकतात, आणि कागदोपत्री नुसते रंगाचे नाव असले तरी छटा कळत नाही. मिरज, कवठे महांकाळ, पंढरपूर, कुर्डुवाडी या मार्गावर ज्यांनी नोकरी केली किंवा शाळेसाठी रोज प्रवास केला, त्यांच्या आठवणीत ती छटा आज आहे. कोणाच्या माळ्यावर जुन्या डब्याची एखादी रंगीत फळी, पाटी वा खिडकीची चौकट पडून असेल, तर तिला घासूनपुसून नवा रंग देऊ नये; आहे तशी ठेवावी, दिवसाच्या उजेडात तिचे छायाचित्र घ्यावे, आणि ती कोणत्या डब्याची, कोणत्या सालची, हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे.