दोन वाजताचा थेंब

रात्री दोनचा गजर होण्याआधीच मला जाग येते. मोबाईलचा उजेड भिंतीकडे वळवून मी लेकीच्या उशाशी बसते. हाक मारावी लागत नाही. माझी चाहूल लागली की ती झोपेतच हात पुढे करते. टोचायचं ते बोटाच्या कडेला. टोकाला जास्त दुखतं. मोहरीएवढा थेंब येतो, पट्टी तो शोषून घेते आणि यंत्रावर उलटे आकडे सुरू होतात. 5, 4, 3... तेवढ्यात मी देवाला काय काय बोलून घेते. 142. मी बोट पुसते, पांघरूण सारखं करते. ती कूस बदलते. सकाळी तिला यातलं काही आठवत नाही.

ती सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दोन-तीन आठवडे घटाघटा पाणी पीत होती. उन्हाळ्याचे दिवस, आम्हाला बरंच वाटलं. मग अंथरूण ओलं होऊ लागलं. "एवढी घोडी झालीस आणि..." असं मी तिला बोलले. ते वाक्य अजून माझ्या अंगावर येतं. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला तर सासूबाई म्हणाल्या, "उंची काढतेय पोर." दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता आणि साखर 400 च्या वर गेली होती. टाइप 1 मधुमेह. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठतात. का, ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा फडताळात मागे लपवला. आपल्याच हातानं नातीला हे झालं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. पुढच्या खेपेला डॉक्टर त्यांना म्हणाले, "आजी, लाडवांचा यात काही दोष नाही." त्या तिथंच रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मला माप शिकवा." आता त्यांचे कणकेचे गोळे एकसारखे असतात, एका फुलक्यात साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं, हे त्यांना पाठ आहे. भात वाटीनं. गणपतीत नात सगळ्यांबरोबर पंगतीत बसते. "आजी, एका मोदकाचे किती?" आजी सांगते, मी तेवढं इन्सुलिन भरते, आणि मोदकावर तुपाची धार पडते.

शाळेत बाईंच्या कपाटात ग्लुकोजचा डबा ठेवलाय. साखर 70 च्या खाली गेली की तिला घाम फुटतो, हात थरथरतात. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, मग 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीलाही हे ठाऊक आहे. आम्ही आजार कुणापासून लपवला नाही, आणि ते बरं केलं. "अमका काढा द्या, इन्सुलिन सुटेल," असं सांगणारे भेटतात. त्यांच्या मायेवर मला शंका नाही, पण टाइप 1 मध्ये इन्सुलिन सोडायचं नसतं. सोडलं तर मूल दगावतं.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. माणसाला दिलेलं ते पहिलं. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. ज्यांनी ते शोधलं त्यांतले फ्रेडरिक बँटिंग जन्मले 14 नोव्हेंबरला, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. फ्रिजच्या दारातली ती इवलीशी बाटली हातात घेताना मला दर वेळी तो टोरांटोचा मुलगा आठवतो. त्याच्या आईलाही रात्र रात्र झोप लागली नसेल.

तुमच्या घरातलं मूल अचानक सारखं पाणी पिऊ लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, वाळू लागलं, तर त्याला रागावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि साखर तपासायला सांगा. एक थेंब पुरतो.