पांढऱ्या खडीचा रस्ता

जयपूरहून आंधीला पोचेपर्यंत सायकलीच्या टायरांचा रंग दोनदा तरी बदलतो. आमेर रोड मागं टाकून दिल्ली बायपास ओलांडला की आधी फिकट पिवळी वाळू लागते. मग जमवा रामगढच्या टेकड्यांत क्वार्टझाइटची तांबूस भुकटी. आणि आंधीच्या अलीकडे, जिथं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते तिथं, पिठासारखी पांढरी धूळ. ही संगमरवराची. बाजारात ‘आंधी पिस्ता’ म्हणून हिरवट झाक असलेला जो मार्बल मिळतो, तो या डोंगरांतला.

माझी सायकल ग्रॅव्हलची. हँडल शर्यतीच्या सायकलींना असतं तसं खाली वळलेलं, पण टायर चाळीस मिलिमीटरचे, आणि आत ट्यूब नाही, सीलंट भरलेलं. ते लागतंच. विलायती बाभूळ आणि सराटे या दोघांनी मिळून राजस्थानातल्या पंक्चरवाल्यांची पोटं भरली आहेत. हवा मी मुद्दाम कमी ठेवतो, तीस-पस्तीस पीएसआय. मग चाक दगडावर आपटत नाही, दगडावर टेकतं, आणि खाली काय आहे ते तळहातांना कळू लागतं. क्वार्टझाइट फुटतो तो धारदार; त्याची खडी कधीच नांदत नाही, सारखी निसटते, टायरची कड कापते. चुनखडकाची खडी तशी नाही. तिचे कोपरे झिजतात, पावसाचं पाणी पिऊन ती दाबून बसते. डोळे मिटूनही या दोन्हींतला फरक सांगता येईल. मिटू मात्र नयेत, समोरून मार्बलचा ट्रेलर येत असतो.

जयपूरभोवतीचा अरवली बहुतेक क्वार्टझाइटचाच. आमेर आणि नाहरगढ त्याच्याच पाठीवर उभे आहेत. चुनखडक भेटायला असं पूर्वेकडे, ईशान्येकडे यावं लागतं. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला चुना पुढं डोंगर घडताना दाबानं आणि उष्णतेनं भाजून निघाला आणि त्याचा संगमरवर झाला. ब्रिटिश भूवैज्ञानिकांनी या खडकांना नावं दिली ती इथल्या ठिकाणांवरून: रायालो, अलवर, अजबगढ, कुशलगढ. भूशास्त्राच्या पुस्तकांत अजबगढ छापलेलं असतं. अजबगढच्या चहाच्या टपरीवर हे सांगून पाहिलं. टपरीवाल्यानं फार मनावर घेतलं नाही. “कठै जावो छो?” एवढंच त्यानं विचारलं होतं, आणि भानगढ म्हटल्यावर सूर्य मावळायच्या आत तिथून बाहेर पडा, असं बजावलं.

पण त्याआधी रामगढचा तलाव. बाणगंगेवरच्या या बांधानं जयपूरला वर्षानुवर्षं पाणी पाजलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती इथं झाल्या होत्या. आता तळ कोरडा आहे आणि तळातून पायवाटा गेल्या आहेत. मी तिथून सायकल काढली. गाळाच्या पापुद्र्यांवर चाक सरसर चालतं, चालवायला इतकी सुरेख जागा आख्ख्या रस्त्यात दुसरी नाही, आणि ते सुख घेताना अवघडल्यासारखं होतं.

आंधीच्या खाणी रस्त्यावरून दिसतात. डोंगराला चौकोनी पायऱ्या पाडलेल्या, वायरसॉनं कापलेल्या भिंती गुळगुळीत, क्रेनच्या दोरांचे त्रिकोण. कापताना निघणारी स्लरी ओढ्यांच्या कडेनं ओतलेली असते. वाळली की तिच्यावर गवतही धरत नाही, कारण ती बारीक पूड मातीची छिद्रं बुजवते. असाच दगड भाजून, भिजवून, दळून जयपूरच्या भिंतींवर चढला. त्या कामाला आराइश म्हणतात. विझवलेला चुना महिनोन्‌महिने ताकात-दह्यात मुरवायचा, त्यात संगमरवराची पूड मिसळायची, पातळ थरावर थर द्यायचे, आणि ओलं असतानाच अकीकाच्या दगडानं घोटत राहायचं. शेवटी किसलेल्या नारळानं पुसून घ्यायचं. ब्रह्मपुरीत पुंडरीकजींची हवेली आहे. रत्नाकरभट्ट पौंडरीक, सवाई जयसिंहांचे गुरू, घराणं आपल्याकडचं. तिथल्या चित्रांच्या भिंतीवरून मी एकदा, रखवालदाराचं लक्ष नसताना, बोटाचं मागचं पेर फिरवलं होतं. थंड, आणि काचेइतकं सपाट. अशाच दगडाची एक पूड तिथं तीनशे वर्षांच्या घरात चमकते आणि दुसरी इथं ओढा मारते.

सरिस्काच्या जंगलातल्या संगमरवराच्या खाणी मात्र थांबल्या. तरुण भारत संघानं १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला म्हणून. ही संस्था थानागाजी भागातली. राजेंद्र सिंह आणि गावकऱ्यांनी १९८५ च्या सुमारास गोपालपुऱ्यात पहिला जोहड उपसायला घेतला. जोहड म्हणजे उतारावर मातीची अर्धगोल पाळ, बाकी काही नाही. भेगाळलेला चुनखडक पाणी खाली सोडतो, ते विहिरींत उतरतं. माणसानं फक्त पाण्याला चार महिने थांबवून धरायचं. शेकडो पाळी झाल्या आणि अरवरी नदी पुन्हा वाहू लागली. इथल्या मोहरीच्या शेतांच्या कडेनं जाताना अशी एखादी पाळ आडवी येते. सायकल उचलून घ्यावी लागते. वर उभं राहिलं की एका बाजूला डबकं आणि बगळे, दुसऱ्या बाजूला हिरवा गहू.

भानगढला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आमेरच्या भगवंतदासांनी १५७३ मध्ये धाकट्या मुलासाठी, मानसिंहाचा भाऊ माधोसिंह याच्यासाठी, हे शहर वसवलं. दरवाजातून आत गेल्यावर दोन्ही हातांना दुकानांची ओळ आहे, छतं गेलेली, जोती जागच्या जागी. पुढं गोपीनाथाचं आणि सोमेश्वराचं देऊळ. सोमेश्वराशेजारी झऱ्याचं कुंड आहे, खाली केवड्याचं बन. कोकणातल्या माणसानं इथं केवडा पाहून जरा थबकावं, इतका तो अनपेक्षित आहे. आणि तरी लोक इथं येतात ते भुतांसाठी. राणी रत्नावती आणि तिच्यावर भाळलेला मांत्रिक यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पुरातत्त्व खात्याच्या पाटीवर सूर्यास्तानंतर प्रवेशबंदी लिहिली आहे, तिचाही पुरावा म्हणून फोटो काढतात. अशी पाटी देशातल्या कितीतरी किल्ल्यांवर असते, हे कुणाला सांगून उपयोग नाही.

शहर ओस पडलं त्याचं शेवटचं कारण १७८३ चा दुष्काळ मानतात. विक्रम संवत १८४०, म्हणून उत्तर भारतात तो ‘चालीसा’. मला मांत्रिकापेक्षा हे साल सतावतं, कारण मराठी माणसाला त्याच्या मागचं-पुढचं साल माहीत असतं. चारच वर्षांनी, १७८७ च्या जुलैत, महादजी शिंदे जयपूरकरांकडून थकलेली खंडणी वसूल करायला याच मुलखात उतरले होते. लालसोटची लढाई आपण शाळेत शिकतो ती सेनापतीच्या बाजूनं. महादजींच्या बाजूचा मोहम्मद बेग हमदानी उलटला, राठोडांचे घोडेस्वार तोफांवर चालून आले, पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी फुटून शत्रूला मिळाल्या, आणि तरी पाटीलबाबांनी, म्हणजे महादजींनी, माघार कशी शिस्तीत घेतली. सगळं खरं आहे. पण ज्या रयतेकडून ती खंडणी निघायची होती, तिची शेतं या चाकांखाली होती, आणि तीन-चार वर्षांपूर्वी तिच्यातली कितीतरी माणसं अन्नावाचून मेली किंवा देशोधडीला लागली होती. जयपूरचा सवाई प्रतापसिंह पैसे का देत नव्हता, याचं उत्तर आपण त्याच्या कपटात शोधतो. थोडं या ओस दुकानांत शोधायला काय हरकत आहे? महादजींच्या पलटणींचे पगार का थकले, त्याचंही थोडं उत्तर मग इथंच सापडेल.

१७९० च्या जूनमध्ये पाटणला महादजींचा सेनानी द ब्वान्य याच्या कवायती पलटणींनी लालसोटच्या पराभवाचं उट्टं काढलं. पाटणही जयपूरच्या उत्तरेला, अशाच टेकड्यांत.

गोला का बासपाशी डांबर लागलं. तिथून दौशापर्यंत संध्याकाळच्या रहदारीत मुकाट पेडल मारण्यापलीकडे काही नाही. दौशाहून गाडीत सायकल टाकून जयपूर. तुंग्याचं रण, जिथं लालसोटची लढाई प्रत्यक्ष झाली, ते दौसा आणि जयपूर यांच्या दक्षिणेला आहे. तिकडे चुनखडक नाही, सगळी भुसभुशीत वाळू, त्यामुळे तिथं जायचं तर टायर पंचेचाळीसचे लावावे लागतील आणि हवा आणखी उतरवावी लागेल.