सोबतीची भूक

सायकलवरून अमेरिका ओलांडणाऱ्यांचा एक रिवाज आहे. निघताना पॅसिफिक महासागरात सायकलचे मागचे चाक भिजवायचे आणि अटलांटिकच्या बाजूला पोहोचल्यावर पुढचे. जून महिन्यातील एका गार सकाळी ऑरेगन राज्यातील ॲस्टोरिया गावाजवळ त्याने हा रिवाज पाळला, तेव्हा छायाचित्र काढण्याचे काम तिच्याकडे होते. त्या छायाचित्रात तो आहे, सायकल आहे, मागे राखाडी समुद्र आहे. ती नाही. पुढील तीन महिन्यांतील बहुतेक छायाचित्रांची हीच स्थिती.

'ट्रान्सअमेरिका' या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त, सायकलस्वारांसाठी आखला गेला. शक्यतो लहान रस्त्यांनी दहा राज्ये ओलांडत तो व्हर्जिनियातील यॉर्कटाउन येथे संपतो. अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर. श्रीनगरहून रस्त्याने कन्याकुमारी गाठावी आणि परतीचीही बरीचशी वाट तोडावी, इतके ते भरते.

दोघेही मूळचे पुण्याचे. पंचवीस वर्षांपासून पोर्टलंड शहरात राहणारे. सायकलची हौस त्याची. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मात्र तिने काढली, कारण सामानाची गाडी कोणीतरी चालवायला हवी होती. निघण्याच्या आदल्या रात्री गाडी भरताना एक लहानसा वाद झाला.

"कुकर कशाला?" त्याने विचारले. "जागा कुठं आहे? वाटेत सगळं मिळतं."

"सगळं म्हणजे काय काय?"

"खायला लागतं ते सगळं."

तिने कुकर बाहेर काढला. त्या जागेत सुट्या टायरांचे खोके चपखल बसले. तुरीची डाळ मात्र तिने काढली नाही. शिवाय मेतकुटाचा डबा आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी सीटखाली सरकवून ठेवली.

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लोणी लावलेले पाव बांधायचे, तंबू गुंडाळायचा. तो निघाला की तासाभराने ती निघे, त्याला मागे टाकून तीस-चाळीस किलोमीटर पुढे जाई आणि रस्त्याच्या कडेला सावली शोधून थांबे. सोबत म्हटले की बरोबरीने चालणे आपल्या मनात येते. येथे सोबत म्हणजे वाट पाहणे होते. दूरवर एक पिवळा ठिपका दिसे, तो हळूहळू माणूस होई, दहा मिनिटे थांबे, खाई, पिई आणि पुन्हा ठिपका होऊन जाई. दिवसभर पायडल मारणाऱ्या माणसाला एरवीच्या दुपटीहून अधिक अन्न लागते. हे अन्न जमवणे, शिजवणे आणि त्याच्या हाती देणे यात तिचे स्वतःचे जेवण कोठेतरी उभ्या-उभ्याच उरकले जाई.

ऑरेगनच्या पूर्व भागात जॉन डे नावाचे गाव या मार्गावर लागते. तेथे 'काम वा चुंग' हे जुने चिनी दुकान आता संग्रहालय म्हणून जपले आहे. सोन्याच्या खाणींमुळे एकोणिसाव्या शतकात या भागात चिनी मजूर आले. इंग हे नावाचा वैद्य आणि लंग ऑन हा त्याचा व्यापारी भागीदार यांनी हे दुकान कितीतरी वर्षे चालवले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले, वस्ती हळूहळू विरळ होत गेली, पण हे दोघे तेथेच राहिले. लंग ऑन १९४० मध्ये आणि वैद्य १९५२ मध्ये वारला. वैद्याच्या पलंगाखाली न वटवलेले तेवीस हजार डॉलरहून अधिक रकमेचे धनादेश सापडले, ही गोष्ट तेथे आवर्जून सांगितली जाते. ती मात्र फडताळांपुढेच रेंगाळली. वनौषधींचे खोके, डबे, धुराने काळवंडलेल्या भिंती. इतक्या दूरच्या डोंगराळ गावात या माणसांनी आपल्या देशाची चव खोक्यांत भरून आणवली होती. त्यांना कोणी 'जागा कुठं आहे' असे विचारले नसावे, असा एक तिरका विचार तिच्या मनात आला. तोवर त्याची पुढच्या थांब्याची वेळ झाली होती.

मोंटाना राज्यात लोणचे संपले. मेतकूट त्याआधीच संपले होते.

पोर्टलंडमध्ये असताना आशिया हा एकच एक प्रदेश आहे, असे तिला कधी वाटले नव्हते. घरात वरणभात, शनिवारी कधी थाई, कधी व्हिएतनामी; प्रत्येकाची चव वेगळी, गल्ली वेगळी. वायोमिंगच्या माळरानावर पोहोचेपर्यंत हे भेद गळून पडले. तिला आता पूर्वेकडचे काहीही चालले असते. आले, लसूण, हिरवी मिरची, वाफाळता भात, सोया सॉसचा खारटपणा, ज्याला चव म्हणता येईल असे काहीही. गावागावांतून मिळत होते ते बर्गर, पांढऱ्या रश्शात बुडवलेले पाव आणि पेट्रोलपंपावरचा पिझ्झा. अन्न वाईट होते असे नव्हे. वाढणारी माणसे तर फारच अगत्याची होती. परंतु अगत्याने जीभ भागत नाही. लहान दुकानांत आशियाच्या नावाने अर्धी फळी असे: सोया सॉसची एक बाटली आणि झटपट नूडल्सची पाकिटे. या नूडल्स १९५८ मध्ये जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी बाजारात आणल्या, आणि आज त्या अमेरिकेच्या खेड्याखेड्यांत मिळतात. तिने त्या इतक्या खाल्ल्या की पुढे पाकीट फोडल्याच्या आवाजानेच तिचा घास घशात अडकू लागला.

कोलोरॅडोतील हूजियर खिंड हा या मार्गावरील सर्वांत उंच बिंदू, सुमारे ३,५१७ मीटर. तो खिंड चढून आला त्या दुपारी तिने हौसेने लहान स्टोव्हवर डाळ-भात लावला. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे ते ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. पाणी खदखदत राहिले, पण तांदूळ कणीदारच राहिले आणि डाळ तर खड्यांसारखी. त्याने ते सगळे मुकाट्याने खाल्ले. "छान झालंय," असेही म्हणाला. तिला त्या शब्दांचा जेवढा राग आला तेवढा तक्रारीचा आला नसता.

कॅन्ससमध्ये उन्हाळा पेटलेला होता. न्यूटन सोडले की कॅसोडेपर्यंत सुमारे साठ किलोमीटर गवत आणि चरणारी गुरे यांखेरीज फारसे काही नाही. त्या दिवशी सायकलची साखळी दुरुस्त करण्यात वेळ गेला आणि तो नऊ वाजता निघाला. अर्ध्या वाटेवरील एका चौफुलीवर साडेअकराला भेटायचे ठरले. न्यूटनच्या दक्षिणेला चाळीस किलोमीटरवर विचिटा शहर आहे. १९७५ मध्ये व्हिएतनामचे युद्ध संपल्यावर तेथून निघालेली कित्येक कुटुंबे या शहरात स्थिरावली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची खाणावळही. ती हे वाचून होती. तिने गाडी दक्षिणेला वळवली.

टेबलावर फोचा वाडगा आला. कोंबडीचे पारदर्शक सूप, तांदळाच्या शेवया, कोथिंबीर, लिंबाची फोड, मिरचीचे काप. पहिल्या घोटाबरोबर तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते मिरचीचे नव्हते. तिने सावकाश खाल्ले. आठ आठवड्यांत प्रथमच कोणीतरी तिच्यापुढे वाढले होते आणि तिची पाठ खुर्चीला टेकली होती. नंतर ती एका भारतीय वाणसामानाच्या दुकानात शिरली. हिंगाच्या वासात तिला घड्याळ आठवले नाही.

चौफुलीवर ती पोहोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. तापमान चाळीस अंशांवर. फोनला रेंज नव्हती. तो एका कुंपणाच्या खांबाला टेकून, सायकलच्या सावलीत डोके ठेवून बसला होता. दोन्ही बाटल्या रिकाम्या. जवळच एक प्लास्टिकचा कॅन होता; वाटेने जाणाऱ्या कोणा शेतकऱ्याने तो दिला होता, म्हणूनच पुढचा प्रसंग टळला.

"कुठं होतीस?" त्याचा आवाज फुटत नव्हता.

तिला गाडी पंक्चर झाली असे सांगता आले असते. ती म्हणाली, "जेवायला गेले होते."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग जे बोलायचे ते तो बोलला. जीव गेला असता, दोन तास, एवढी बेफिकिरी. त्यातील एकही शब्द खोटा नव्हता आणि तिने एकही खोडला नाही. अपराधाने तिचे हात थरथरत होते. बर्फाचे पाणी त्याच्या मानेवर ओतताना तिने इतकेच म्हटले, "दोन महिन्यांत मी काय खाल्लं, सांग बरं."

त्याने सांगण्याचा प्रयत्न केला. खरोखरच केला. त्याला कोणता उतार कोठे लागला, वारा कोणत्या दिवशी कोणत्या दिशेचा होता, हे सगळे पाठ होते. हे सांगता आले नाही.

गाडीत बसताना त्याला सीटवर एक नवे खोके दिसले. तीन लिटरचा कुकर. टायरांचे खोके तिने टपावर बांधले होते.

त्या दिवशी तो सायकलवर चढला नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला त्याच चौफुलीवर आणून सोडले, कारण मार्गाचा एक मीटरही गाडीने कापायचा नाही, हा त्याचा नियम होता. क्षमा त्यानेही मागितली नाही आणि तिनेही. पुढे मिसुरीत मात्र एके संध्याकाळी नकाशावर वाकून तो म्हणाला, "उद्या सुट्टी. स्प्रिंगफील्ड वाटेपासून फार लांब नाही."

स्प्रिंगफील्डला डेव्हिड लिआँग या चिनी स्थलांतरित बल्लवाने १९६० च्या दशकात काजू घातलेल्या कोंबडीचा एक पदार्थ प्रचारात आणला. अमेरिकन माणसाला तळलेली कोंबडी आवडते, म्हणून ती तळायची. वर ऑयस्टर सॉसचा तपकिरी रस्सा ओतायचा, काजू आणि कांद्याची पात पेरायची. हा पदार्थ त्या गावात आजही अनेक ठिकाणी मिळतो. तिच्या मते तो ना धड चिनी होता, ना धड अमेरिकन. पण त्याच्याखाली भात होता. त्याने स्वतःच्या ताटातला अर्धा भात न विचारता तिच्या ताटात सरकवला आणि तिने तो न बोलता घेतला.

यॉर्कटाउनला पोहोचले तेव्हा सप्टेंबर लागला होता. त्याने पुढचे चाक पाण्यात भिजवले. तिने छायाचित्र काढले. मग त्याने शेजारच्या एका मुलाला हाक मारून फोन त्याच्या हाती दिला आणि तिला पाण्याकडे ओढले. दुसऱ्या छायाचित्रात तिचे डोळे मिटलेले आले आहेत.

"आता कुठं जायचं?" त्याने विचारले.

"विल्यम्सबर्गला," ती गाडीची किल्ली काढत म्हणाली. "थाई जेवण आहे. साडेनऊला बंद होतं. चल लवकर."